गुरुवारचा स्वेटर

यादी केली की निम्मं काम झालं, असं मनोहरराव पिंपळापुरे म्हणायचे, आणि उरलेलं निम्मं दुसऱ्याच्या डोक्यावर बसून करून घ्यायचे. कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली. माल पास की नापास, एवढाच त्यांचा जगाशी संबंध. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आनंद नगरच्या घरात दुधाच्या पिशवीपासून गॅसच्या नळीपर्यंत काहीही तपासल्याशिवाय वापरात यायचं नाही. अशा माणसाच्या हातून जी चूक झाली, ती आळशी माणसाच्या हातून कधीच झाली नसती. आळशी माणसानं फोनच केले नसते.

त्यांची बायको मंजूषा समुपदेशक होती. जवाहर चौकात एका झेरॉक्सच्या दुकानावर तिची भाड्याची खोली होती. तिथं लोक यायचे, तासभर मनातलं बोलायचे आणि जायचे. दारावर पाटी दोन ओळींची, ‘परामर्श’ म्हणजे समुपदेशन, आणि खाली ‘बुनाई क्लास’, विणकामाचा वर्ग. एका दुकानात दोन धंदे कशाला, असं मनोहरराव तिला चिडवायचे. ती नुसती हसायची. जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी चहाचा कप ठेवायला ती उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांची होती.

तेरावं झालं त्या संध्याकाळी मुलगी रसिका पुण्याच्या गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी नऊला, मनोहरराव मंजूषाची डायरी आणि लाल पेन घेऊन टेबलाशी बसले. घर इतकं रिकामं झालं होतं की काहीतरी केलंच पाहिजे होतं. डायरीच्या शेवटच्या पानांवर तेवीस नावं होती, पुढे फोन नंबर, राहण्याचा भाग, यायचा वार-वेळ आणि कधीपासून ते. मॅडम गेल्या हे या लोकांना कळवायला नको? आणि खोलीवर कपाटभर फाइली होत्या, त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याला विचारलेलं बरं. सहा नावांपुढे मंजूषानं पेन्सिलीनं लोकरीचा छोटासा गुंडा काढला होता, सुटलेल्या धाग्यासकट. फोनवर बोलता बोलता चाळा म्हणून काढला असेल, असं समजून ते पुढे सरकले.

अकराव्या नावापुढे गुंडा होता. फोन पुरुषानं उचलला.

“स्वरदाताई सप्रे आहेत का?”

“अंघोळीला गेलीये. मी परीक्षित, तिचा नवरा. बोला ना.”

“मी पिंपळापुरे. माझी पत्नी मंजूषा वारली. स्वरदाताई दर गुरुवारी तिच्याकडे समुपदेशनाला यायच्या, म्हणून कळवतोय. त्यांची एक फाइल आहे आमच्याकडे. ठेवायची की फाडायची, तेवढं विचारून सांगा.”



“काहीतरी गडबड होतेय काका. गुरुवारी तर ती स्वेटरच्या क्लासला जाते.”

“छे हो. नाव बरोबर आहे, मिसरोदच लिहिलंय. आठ महिने झाले, दर गुरुवारी चार वाजता.”

फोन कट झाला. हल्ली लोकांना निरोप घ्यायचीही रीत राहिली नाही, असं म्हणत मनोहररावांनी नावापुढे बरोबरची लाल खूण केली आणि बारावा नंबर लावला.

साडेअकराला वसुधाताईंचा फोन आला. वसुधाताई मंजूषाची कॉलेजपासूनची मैत्रीण, इंदूरला समुपदेशनाचंच काम करायच्या. दहाव्याला येऊन गेल्या तेव्हा त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं होतं आणि मनोहररावांनी दोन्ही वेळा ‘तेराव्यानंतर बघू’ असं सांगितलं होतं.

“भावजी, तेरावं झालं. आता तरी लिफाफा उघडलात का?”

“कसला लिफाफा? मी कामाला लागलोय. तेवीसपैकी सतरा फोन झालेसुद्धा.”

“कुणाला फोन?” वसुधाताईंचा आवाज एकदम खाली गेला. “भावजी, लिफाफा शोधा. मी फोन धरून ठेवते.”

तो शोधावा लागला नाही. मनोहररावांना तो आठवला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंजूषा तो लिफाफा घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली होती. ‘अहो, दहा मिनिटं द्या मला. मी अचानक गेले तर माझ्याकडे येणाऱ्यांचं काय करायचं, ते तुम्हाला सांगून ठेवायचंय.’ त्यावर हे म्हणाले होते, ‘शुभ बोल नाऱ्या! सणासुदीला मरणाच्या गोष्टी?’ आणि टीव्हीचा आवाज वाढवला होता. ती थोडा वेळ बसून राहिली होती. मग उठून तिनं लिफाफा कपाटात त्यांच्या पेन्शनच्या कागदांखाली ठेवला होता, कारण तिथं ते हमखास हात घालणार.

‘अहो,’ आतल्या कागदावर तिनं लिहिलं होतं, ‘कुणालाही फोन करू नका. एकालाही नाही. वसुधाला कळवा, किल्ल्या तिलाच द्या, पुढचं ती बघेल. खोलीच्या दाराला त्याच दिवशी चिठ्ठी लावा आणि तिचा नंबर लिहा. ज्यांच्या नावापुढे लोकरीचा गुंडा आहे, त्यांच्या घरी काही ठाऊक नाही. घरच्यांना वाटतं, त्या विणकाम शिकायला येतात. तसं वाटतंय म्हणूनच त्यांना घराबाहेर पडता येतं. त्यांना फार जपा.’

मग हेच होतं तर! रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की मंजूषा विणायला बसायची. कधी निळं, कधी पिवळं, कधी मरून. कुणाचा गं हा, असं विचारलं की म्हणायची, ‘गुरुवारचा’, किंवा ‘सोमवारचा’. त्यांना वाटायचं, थट्टा करतेय. त्या बायका तासभर बोलत बसायच्या, रडायच्या, आणि त्यांचे तेवढ्या वेळातले टाके ही घरी बसून घालून ठेवायची. पुढच्या वेळी प्रत्येकीनं दहा-बारा ओळी वाढलेला स्वेटर घरी नेऊन दाखवायचा आणि त्याच्या पुढच्या वेळी परत हिच्याकडे आणून द्यायचा. सहा घरांचे स्वेटर एकटी बाई विणत होती आणि शेजारी बसलेल्या तपासनिसाला कधी पत्ता लागला नाही.

“गुंड्याच्या नावांना केलेत का फोन?” वसुधाताईंनी विचारलं.

मनोहररावांनी डायरी ओढली. चौघींनी स्वतः उचलला होता, एकीनं उचललाच नव्हता. “एक नवऱ्यानं उचलला. स्वरदा सप्रे. मी सगळं सांगून टाकलं हो वसुधाताई.”

“अरे देवा. मी लगेच निघते, पण मला पोचायला पाच वाजतील. तुम्ही खोलीवर जा. तिची फाइल काढा आणि फक्त वरचं पान वाचा. तातडीचं काही असलं तर मंजू तिथंच लिहायची. दुसरं पान उलटू नका, मंजूची शपथ आहे तुम्हाला.”

खोलीच्या किल्ल्या मंजूषाच्या कापडी पिशवीत होत्या. ती खुंटीवर तशीच लटकत होती. आत ‘गुरुवारचा’ मरून लोकरीचा अर्धा स्वेटर, सुया खुपसलेला. त्यांनी पिशवीच खांद्याला मारली आणि स्कूटर काढली. चौकात पोचेपर्यंत त्यांनी स्वरदाचा नंबर तीनदा लावला. तिन्ही वेळा बंद.

खालचा झेरॉक्सवाला सुरेश त्यांना बघून दुकानाबाहेर आला. “अंकल, आंटी का सुना, बहुत बुरा हुआ. मैं तो गाँव गया था, कल ही लौटा. लड़का बता रहा था, एक मैडम दो गुरुवार आईं। ताला देखा तो यहीं सीढ़ी पे बैठी रहीं। पूरा एक घंटा। फिर गईं।”

तासाच्या आत घरी जाता येत नव्हतं स्वरदाला. क्लास तासाचा असतो ना! एक चिठ्ठी लावायची होती. कागद, गोंद, दोन ओळी. तेवढं झालं असतं तर ती पोर दोन गुरुवार कुलपाकडे बघत बसली नसती.

फाइल सापडली. वरच्या पानावर पत्ता होता आणि खाली मंजूषाच्या सुवाच्य अक्षरात चार ओळी. ‘तिसरा मजला. गॅलरी. दोनदा कठड्यापर्यंत गेली होती, स्वतः मागे फिरली. गुरुवार चुकवायचा नाही, चुकला तर त्याच दिवशी क्लासमधून फोन. एकटं पाडलं असं तिला वाटता कामा नये.’

दुसरं पान बोटाखालीच होतं. त्यांनी उलटलं नाही. पण पत्ता वेगळा लिहून घ्यावा हेही त्या यादीवाल्या माणसाला सुचलं नाही. त्यांनी फाइलच पिशवीत कोंबली, वर स्वेटर टाकला, आणि स्कूटर होशंगाबाद रोडकडे वळवली. वाटेत ते मोठ्यानं बोलत होते. ‘मंजू, थांबव गं तिला. मी येतोय. तोवर थांबव.’ सिग्नलला शेजारचा रिक्षावाला त्यांच्याकडे बघत राहिला. बघेना का.

मिसरोदच्या त्या इमारतीखाली गर्दी नव्हती. हे त्यांनी आधी पाहिलं, मग स्कूटर उभी केली. तीन मजले चढताना त्यांनी ठरवलं, खोटं बोलायचं. सडका माल पास करायचा. बत्तीस वर्षांत एकदाही केला नव्हता. आज करायचा.

दार स्वरदाच्या सासूबाईंनी उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, डोळे रडून सुजलेले. शशिकलाबाई. मनोहररावांनी नाव सांगितलं. “पिंपळापुरे? कुठले, सागरचे का?” सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि त्या स्वतःच ओशाळल्या. आतून परीक्षित आला. तिशीचा, ऑफिसचे कपडे, पण ऑफिसला गेलेला दिसत नव्हता. दोन मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी पडलेले.

आणि पलीकडे गॅलरीचं दार सताड उघडं होतं. त्याच्या चौकटीला टेकून एक सडपातळ मुलगी उभी होती. ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती जिवंत आहे, एवढंच मनोहररावांना दिसलं.

“माफी मागायला आलोय,” ते म्हणाले. “सकाळी माझा गोंधळ झाला. वय झालं, डोकं ठिकाणावर नाही. समुपदेशनाच्या स्वरदाताई वेगळ्या, अरेरा कॉलनीतल्या. तुमच्या स्वरदाताई विणकामाच्या वर्गातल्या. हा बघा, त्यांचा स्वेटर राहिला होता.”

“काका, फोनवर तुम्ही मिसरोद बोललात,” परीक्षित म्हणाला. “आठ महिने बोललात. चार वाजता बोललात. और फ़ाइल?”

“फाइल नाही. वर्गाची कसली फाइल?”

परीक्षितनं मरून स्वेटर हातात घेतला, उलटून पाहिला आणि बायकोसमोर धरला. “ठीक आहे. आठ महिने शिकतेयस ना? माझ्यासाठी विणतेयस, असं सांगितलंस ना? मग दाखव. चार ओळी विणून दाखव. मी काकांची माफी मागतो, तुझीही मागतो.”

तिनं सुया घेतल्या. कशा धरायच्या हे तिला ठाऊक नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. लोकर तिच्या बोटाभोवती दोनदा गुंडाळली गेली आणि सुटली. “नवी ओळ अवघड असते,” मनोहरराव घाईनं म्हणाले, “मी सुरुवात करून देतो,” आणि पुढे झाले. त्यांनाही विणता येत नव्हतं.

“तुम्ही नाही. तिला करू दे.”

तेव्हा स्वरदानं पहिल्यांदा मान वर केली. “काका, मॅडम का नाही आल्या?”

मनोहररावांनी परीक्षितकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली. त्यानं तिला सकाळपासून फैलावर घेतलं होतं, कुठे जातेस, काय सांगतेस आमच्याबद्दल, पण बाई गेल्याचं सांगितलंच नव्हतं. ती बातमी त्याला महत्त्वाची वाटली नव्हती.

आता कसलं खोटं बोलणार? “बाळ, मंजूषा गेली,” मनोहरराव म्हणाले. तेरा दिवस त्यांनी हे वाक्य शंभर जणांना कोरड्या डोळ्यांनी सांगितलं होतं. आता मात्र ते जमलं नाही. “तेरा दिवसांपूर्वी, मंगळवारी सकाळी. एका मिनिटात. तुला कळवायला हवं होतं. दाराला चिठ्ठी लावायला हवी होती. मी लावली नाही.”

स्वरदा होती तिथंच खाली बसली. स्वेटर मांडीवर पडला. “मला वाटलं, त्यांनी मला टाकलं,” ती म्हणाली. “त्याआधीच्या गुरुवारी मी त्यांच्यावर ओरडले होते. मला वाटलं, त्या दार बंद करून आत बसल्यात आणि मी जायची वाट बघतायत. मी दोन गुरुवार जिन्यावर हेच आठवत बसले, की मी असं काय बोलले.”

“नाही गं. नाही. जायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा तुझा स्वेटर तिच्या हातात होता.”

ती रडायला लागली. आवाज न करता नाही, चांगली मोठ्यानं. परीक्षित “हळू, लोक ऐकतील” म्हणाला, आणि बहुधा त्यानंच काहीतरी तुटलं. तिनं सुया बाजूला ठेवल्या.

“मला विणता येत नाही, परीक्षित. एक टाकासुद्धा नाही. हे सगळं त्यांनी विणलंय. मी तिथं रडायला जायचे. इथं रडायची सोय नाही म्हणून.”

“म्हणजे आठ महिने आमचं घर तू चव्हाट्यावर...” परीक्षितची नजर पिशवीवर गेली. स्वेटर बाहेर निघाल्यावर फाइलचा कोपरा वर आला होता. “ये क्या है?” त्यानं हात घातला.

मनोहररावांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. चौसष्टाव्या वर्षी, परक्याच्या घरात. “याला हात लावायचा नाही. हे तिचं आहे. मीसुद्धा एका पानापलीकडे वाचलेलं नाही. ती म्हणाली तरच ही बाहेर येईल.”

“मी तिचा नवरा आहे!”

“मीही नवराच होतो,” मनोहरराव म्हणाले. “आपल्याला काही ठाऊक नसतं, बाबा.”

परीक्षितनं पिशवीचा बंद धरून ओढलाच. तेवढ्यात शशिकलाबाई, इतका वेळ भिंतीला चिकटून उभ्या होत्या त्या, मध्ये आल्या. त्यांनी मुलाचा हात सोडवला, मग जाऊन गॅलरीचं दार लावलं आणि कडी घातली.

“मी हिला तिथं उभी बघितलंय,” त्या दाराकडेच बघत म्हणाल्या. “दोनदा. पहाटे. वाळलेले कपडे काढतेय, असं मी मनाला सांगितलं. दोरीवर एक कपडा नव्हता. जाऊ दे तिला, परीक्षित. आपल्याकडून जे झालं नाही ते ती बाई करत होती.”

“गेली तर परत यायचं नाही,” परीक्षित म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. त्यालाही आत्ताच काहीतरी कळत होतं आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

स्वरदा उठली. तिनं हात पुढे केला आणि मनोहररावांनी फाइल तिच्या हातात दिली. ती तिनं उघडली नाही. टेबलावरचा आपला मोबाइल उचलला, स्वेटर उचलला, चपला घातल्या. जिन्यात तिनं विचारलं, “आता कुणाकडे जायचं, काका?” आणि मनोहररावांना फक्त एकच उत्तर ठाऊक होतं. “मंजूच्या खोलीवर. वसुधाताई पाचला पोचतायत. त्यांच्यावर मंजूचा भरवसा होता. पटलं नाही तर फाइल घेऊन तू हवं तिथं जा. मी सोडीन.”

साडेतीनला त्यांनी तिला खोलीत बसवलं. ती तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली, समोरची खुर्ची रिकामी. आपण आत थांबणं बरं नाही, हे त्यांना न सांगता कळलं. वसुधाताई वाटेतून दर दहा मिनिटांनी तिला फोन करत होत्या. दार अर्धवट उघडं ठेवून ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. ती दोन गुरुवार बसली होती तिथंच. आतून फोनवरचं बोलणं ऐकू यायला लागलं, तसे ते चार पायऱ्या खाली सरकले.

खिशातून त्यांनी डायरी काढली. गुंड्याची अजून पाच नावं होती. त्या पाच जणींच्या घरी सकाळच्या फोननंतर काय चाललं असेल, देव जाणे. स्वरदाच्या नावापुढची बरोबरची लाल खूण त्यांनी पेनानं गिरवून गिरवून खोडली, कागद फाटेपर्यंत. मंजूनं दहा मिनिटं मागितली होती. फक्त दहा. ते दीड तास त्या पायरीवर बसून होते आणि वरून स्वरदाचं रडणं थांबायची वाट बघत होते.